भटकंती : फाटक उघडं दिसलं म्हणून...

दसरा आटोपला, कोजागिरीचं दूध पिऊन झालं, की आपल्या मंडळातल्या घराघरांतून एकच बेत शिजू लागतो: यंदा लार्च बघायला कधी जायचं? सिएटलचा पाऊस मागे टाकायचा, स्नोक्वाल्मी पास ओलांडून क्ली एलमला कॉफीसाठी थांबायचं आणि तिथून टीॲनवेकडे किंवा ब्लूएट पासच्या बाजूला गाडी वळवायची. लार्च हे झाडही मोठं गमतीचं. रूप देवदाराचं, पण वागणूक पानगळीच्या झाडाची. ऑक्टोबरात त्याच्या सगळ्या सुया पिवळ्याधमक होतात आणि हिवाळ्याआधी गळून जातात. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटणाऱ्या माणसांना या झाडाची ओढ वाटली नाही तरच नवल! सोबत थर्मासमधला चहा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आणखी काय हवं?

पण मंडळी, नेमक्या याच आठवड्यांत त्या डोंगरांत आणखीही बरीच माणसं असतात, आणि त्यांच्या डब्यात दशम्या नसतात. वॉशिंग्टन राज्यात शिकारीचा मोसम टप्प्याटप्प्याने येतो. अस्वलाची शिकार ऑगस्टपासूनच सुरू होते. सप्टेंबरात धनुष्यबाणवाले, सप्टेंबरअखेरीच्या सुमारास ठासणीच्या बंदुकीवाले, ऑक्टोबरच्या मध्याला रायफलवाले हरणांच्या मागावर, आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला एल्कच्या मागावर. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ समजा. नक्की तारखा दर वर्षी आणि दर विभागाला वेगळ्या असतात. पण कोजागिरी ते दिवाळी हा काळ त्यात हमखास सापडतो.

या वेळी हा विषय घेण्याचं कारण एका वाचक भगिनींचं पत्र. गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन त्या एका जंगलरस्त्याला लागल्या. भाड्याने घेतलेली उंच एसयूव्ही होती. दीडएक मैल आत गेल्यावर समोरून सरकारी ट्रक आला, गाडी थांबवली गेली आणि हातात दंडाची पावती पडली. पत्रात त्यांनी तीन गोष्टी नमूद केल्या आहेत. एक, फाटक सताड उघडं होतं. दोन, 'रस्ता बंद' अशी पाटी कुठेच नव्हती. तीन, आपल्या पुढे एक पिकअप आत गेलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. मग आमचंच काय चुकलं, असा त्यांचा प्रश्न आहे. खातं कोणतं, अधिकारी कोण, यात आम्ही शिरत नाही. पण प्रश्न तीनही रास्त आहेत आणि उत्तरं आपल्या सगळ्यांच्या कामाची आहेत.

आधी हे बघू, की आपण या बाबतीत इतके अनभिज्ञ का. आपण ज्या देशातून आलो तिथे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हौसेची शिकार संपली. आपल्यातल्या बहुतेकांनी शिकारीचा 'मोसम' नावाची गोष्ट आजोबांच्या गप्पांत किंवा जुन्या पुस्तकांतच भेटलेली. जंगलाचं फाटक आपण पाहिलेलं असतं ते ताडोब्याचं. तिथे चौकीत माणूस बसलेला, वहीत नाव लिहायचं, गाईड बरोबर घ्यायचा. पावसाळ्यात गाभ्याचा भाग बंद म्हणजे बंद, माणूसच आत सोडत नाही. नियम सांगायला जिवंत माणूस समोर असतो. इथे फाटकावर कुणीच नसतं. नियम छापलेला असतो, तो आपण घरी वाचून निघायचं असतं. तो वाचलाच असेल असं सरकार गृहीत धरतं, आणि तिथेच आपली गाडी अडते.

रस्ता कुणाचा?

जंगलातल्या रस्त्याबद्दल पहिला प्रश्न 'पुढे काय आहे' हा नसून 'मालक कोण' हा आहे. क्ली एलमच्या आसपासचा नकाशा पाहिलात तर जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. याचं मूळ १८६४ सालात आहे. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला लोहमार्ग बांधण्यासाठी सरकारने मार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन एक घर सोडून एक अशी दिली. एकेक घर एका चौरस मैलाचं, म्हणजे ६४० एकरांचं. रेल्वेच्या वाट्याची घरं पुढे बरीचशी लाकूड कंपन्यांकडे गेली, मधली घरं सरकारची राहिली. त्यानंतर विक्री, अदलाबदल बरीच झाली. टीॲनवेचंच उदाहरण घ्या. तिथली ५० हजार एकरांहून थोडी जास्त जमीन राज्याने २०१३ साली विकत घेतली आणि वॉशिंग्टनमधलं पहिलं 'कम्युनिटी फॉरेस्ट' केलं. तरीही ठिकठिकाणी पट शिल्लक आहेच.

याचा अर्थ असा, की एकाच कच्च्या रस्त्यावर तासाभरात तुम्ही चार मालकांच्या जमिनीवरून जाऊ शकता: केंद्र सरकारचं नॅशनल फॉरेस्ट, राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं, राज्याचंच मासे व वन्यजीव खातं, आणि एखादी खासगी लाकूड कंपनी. रस्ता तोच, धूळ तीच, पण नियम दर वळणाला वेगळे. राज्याच्या जमिनीवर गाडी उभी करायला २०११ पासून डिस्कव्हर पास लागतो. नॅशनल फॉरेस्टच्या सोयी असलेल्या ठिकाणी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. खासगी कंपन्यांपैकी काही जणी आत गाडी नेण्याचे वार्षिक परवाने विकतात, काही फक्त पायी येऊ देतात, काही कुणालाच येऊ देत नाहीत.

पाटी नव्हती, म्हणजे?

आता पत्रातला दुसरा मुद्दा आधी घेऊ, कारण गोंधळाचं मूळ त्यात आहे. शहरात आपल्याला सवय अशी, की रस्ता बंद असेल तर पाटी असते. पाटी नसेल तर रस्ता खुला. जंगलात बऱ्याच ठिकाणी हे उलटं आहे.

किटिटास आणि यॅकिमा या काउंट्यांत राज्याच्या दोन्ही खात्यांनी मिळून 'ग्रीन डॉट' पद्धत चालवली आहे. जो रस्ता गाड्यांना खुला, त्याच्या तोंडाशी पांढऱ्या खांबावर हिरवा, प्रकाशात चमकणारा ठिपका. ठिपका आहे, तर जा. ठिपका नाही, तर तो रस्ता गाड्यांना बंद, मग तो कितीही रुंद, गुळगुळीत आणि मोहक असो. बंद रस्त्यावर पाटी लावायची गरजच नाही, कारण खुल्यावर खूण आहे. हा नियम शिकाऱ्यालाही आहे. एल्क मारून ठेवला आहे, तो आणायला ट्रक आत नेतो, ही सबब चालत नाही. सगळं मांस पाठीवरून नाहीतर घोड्यावरून वाहून आणतात बिचारे. ओरेगॉनमध्येही शिकारीच्या मोसमात काही प्रदेशांना 'ट्रॅव्हल मॅनेजमेंट एरिया' म्हणून असेच निर्बंध लागतात आणि तिथेही खुले रस्ते हिरव्या खुणेने दाखवण्याची पद्धत आहे.

नॅशनल फॉरेस्टची गोष्ट थोडी वेगळी. गंमत अशी, की भारतात वन्यजीव कायदा झाला त्याच १९७२ साली फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर रस्ता सोडून धावणाऱ्या गाड्यांना आळा घालणारा आदेश काढला. १९७७ साली कार्टर यांनी तो आणखी कडक केला. पण प्रत्यक्षात पुढची कित्येक वर्षं 'बंद असं म्हटलेलं नाही ना, मग चला' हीच रीत बहुतेक ठिकाणी राहिली. २००५ च्या नोव्हेंबरात फॉरेस्ट सर्व्हिसने नवा नियम केला आणि पारडं फिरलं: गाड्यांसाठी कोणते रस्ते, कोणत्या वाटा, कोणत्या प्रकारच्या गाड्यांना आणि वर्षाच्या कोणत्या काळात खुल्या, हे प्रत्येक जंगलाने ठरवायचं आणि नकाशावर छापायचं. या नकाशाचं नाव 'मोटर व्हेइकल यूज मॅप'. जिथे हा नकाशा लागू झाला आहे, तिथे त्यावर नसलेला रस्ता गाडीला बंद. जमिनीवर पाटी असो की नसो. पाट्या चोरीला जातात, गोळ्या झाडून चाळण केलेल्या असतात, बर्फात पडतात. नकाशा मात्र कायदा आहे.

हा नकाशा रेंजर स्टेशनवर फुकट मिळतो आणि संगणकावरूनही उतरवून घेता येतो. दिसायला अगदी रूक्ष. डोंगर-दऱ्यांची रंगीत चित्रं नाहीत, बहुतेक ठिकाणी काळ्यापांढऱ्या रेघा आणि तुटक रेघा. पण त्यात चार गोष्टी शोधा. पहिली, रस्त्याची रेघ सर्व गाड्यांसाठी आहे की फक्त महामार्गावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाड्यांसाठी. दुसरी, रस्त्याच्या क्रमांकापुढे मोसमाची खूण आहे का. असेल तर कोपऱ्यातल्या तक्त्यात तारखा सापडतात, आणि शिकारीच्या दिवसांतले व हिवाळ्यातले निर्बंध बरेचदा इथेच दडलेले असतात. तिसरी, रेघेच्या कडेने ठिपके आहेत का. ठिपके असले तर मुक्कामासाठी ठराविक अंतरापर्यंत गाडी आत घेता येते, नसले तर रस्त्याला लागूनच उभी करायची. आणि चौथी गोष्ट म्हणजे मागच्या बाजूचा बारीक मजकूर. उल्लंघनाची कमाल शिक्षा तिथेच छापलेली असते: ५,००० डॉलरपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्ष पावती सहसा याहून खूपच लहान रकमेची असते, पण हा मामला 'पार्किंगचं तिकीट' या जातीचा नाही, एवढं ध्यानात यावं.

एक सोपी खूण आणखी सांगतो. फॉरेस्ट सर्व्हिसच्या रस्त्याच्या क्रमांकाची पाटी आडवी असेल तर तो रस्ता साध्या मोटारीसाठी राखलेला असतो. आकडे एकाखाली एक असे उभे लिहिलेले असतील तर तिथे उंच गाडी लागते, आणि आपली कॅमरी किंवा मिनिव्हॅन तिथे नेऊ नये. मुलांना मागच्या सीटवरून हे ओळखायचं काम द्या. प्रवासात शांतता राहते.

पुढे एक पिकअप गेला होता, त्याचं काय?

पुढे गेलेल्या गाडीला कदाचित परवानगी असेल. बंद फाटकातून आत जाणारे बरेच असतात: खात्याचे कर्मचारी, लाकूडतोडीचे कंत्राटदार, आतल्या खासगी जमिनीचे मालक. शिवाय वॉशिंग्टनमध्ये अपंग शिकाऱ्यांसाठी खास योजना आहे; काही बंद रस्त्यांवर त्यांना परवान्यावर गाडी नेता येते. ही योजना आम्हांला फार माणुसकीची वाटते. ज्याला काठीवाचून चालता येत नाही, त्यालाही ऑक्टोबरातली पहाट रानात घालवता येते. पण त्याच्या परवान्यावर आपली गाडी आत जात नाही. आणि पुढच्या गाडीला परवानगी नसेलच, तर दोघांनाही पावती. 'तोही गेला होता' हे उत्तर आपण मुलांकडून ऐकून घेत नाही, मग रेंजरने आपल्याकडून का घ्यावं?

फाटक उघडं होतं...

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दंडाची पावती चेक फाडला की संपते. उघड्या फाटकाचं तसं नाही.

२००६ सालच्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगनंतर एक कुटुंब, आई-वडील आणि दोन लहान मुली, ओरेगॉनमधून समुद्रकिनाऱ्याकडे निघालं होतं. महामार्गावरचा फाटा चुकला म्हणून त्यांनी नकाशावर दिसणारा डोंगरातला बेअर कॅम्प रोड धरला. वर बर्फ लागलं, अंधारात ते एका लाकूडतोडीच्या फाट्यावर वळले आणि मैलोन् मैल आत गेले. त्या फाट्यावर फाटक होतं. हिवाळ्यात ते बंद असायला हवं होतं, पण उघडं राहिलं होतं. गाडी बर्फात अडकली. आठवड्याहून जास्त काळ ते तिथे होते. उबेसाठी त्यांनी गाडीचे टायरसुद्धा जाळले. वडील मदत आणायला पायी निघाले आणि थंडीने वाटेत वारले. आई आणि दोन्ही मुली वाचल्या. देशभर वर्तमानपत्रांतून ही बातमी गाजली होती. तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल.

त्या फाट्यासारखी शेकडो फाटकं या पश्चिमेकडच्या डोंगरांत आहेत. शिकारीचा मोसम आणि पहिला बर्फ यांची गाठ पडते तो काळ फाटकांच्या दृष्टीने सर्वांत अनिश्चित. आत माणसं असतील म्हणून कुणी फाटक बंद करायचं थांबतं, कुणी शिकारी कुलूप तोडून जातो, कुणी कंत्राटदार दिवसभर उघडं ठेवून संध्याकाळी पाचला कुलूप घालतो. खासगी जमिनीवर 'हे फाटक केव्हाही बंद होऊ शकतं' अशी पाटी असते, ती धमकी नसून माहिती असते. उघड्या फाटकातून सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी कुलपाच्या आतल्या बाजूला सापडू शकतो. मोबाईलला रेंज नाही, रात्री तापमान शून्याखाली, मागच्या सीटवर मधुमेह असलेले सासरे आणि त्यांच्या रात्रीच्या गोळ्या मोटेलच्या खोलीत. हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग फाटकाकडे बघा.

सारांश, उघडं फाटक म्हणजे आमंत्रण नव्हे. बंद फाटकही 'चालते व्हा' असं म्हणतंच असं नाही. सरकारी जमिनीवरचं बंद फाटक बहुधा गाड्यांपुरतं असतं. पायी माणसाला आत जायला हरकत नसते. पाटी नीट वाचा: 'मोटार वाहनांस बंद' आणि 'प्रवेश बंद' यात फार अंतर आहे. मातीचा बांध किंवा आडवा खंदक घातलेला रस्ताही असाच, बहुधा चाकांना बंद आणि पायांना खुला. मात्र ई-बाइक घेऊन निघालेल्या तरुण मंडळींनी लक्षात ठेवावं, फॉरेस्ट सर्व्हिसच्या हिशोबी ती मोटार वाहनच आहे. आणि 'विल्डरनेस' म्हणून घोषित केलेल्या भागात १९६४ च्या कायद्यानुसार साधी सायकलसुद्धा चालत नाही. गाडी उभी करताना फाटकाच्या तोंडाशी कधीही लावू नका. आग लागली किंवा कुणी जखमी झालं तर बंब आणि रुग्णवाहिका तिथूनच आत जाते.

एवढा उपद्व्याप कशासाठी?

मोसमात रस्ते बंद ठेवले की शिकार कमी होते, असा पुष्कळांचा समज असतो. हेतू तो नाही. ओरेगॉनमध्ये ला ग्रँड गावाजवळ स्टार्की नावाचं प्रायोगिक जंगल आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सुमारे २५ हजार एकरांना आठ फुटी जाळीचं कुंपण घालून आतल्या एल्क आणि हरणांच्या गळ्यांत रेडिओपट्टे बांधले आणि त्यांच्या हालचाली वर्षानुवर्षं टिपल्या. दिसलं ते असं: ज्या रस्त्यावर गाड्यांची ये-जा जास्त, त्यापासून एल्क तितके दूर सरकतात. रस्ता त्यांना बोचत नाही, रस्त्यावरची वर्दळ बोचते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात एल्कला चरून अंगावर चरबी साठवायची असते, कारण पुढे चार महिने बर्फ. त्या वेळी प्रत्येक रस्त्यावर ट्रक फिरू लागले, तर कळप चांगलं रान सोडून पळतात, शक्ती खर्चतात, आणि बरेचदा सरकारी जंगलातून निघून खासगी शेतांत घुसतात. मग शेतकरी हैराण, आणि परवाना काढून आलेला शिकारीही रिकाम्या हाताने परत. शिवाय जिथे रस्त्यांचं जाळं दाट, तिथे मोठे नर टिकत नाहीत. गाडीतून फिरत फिरत जनावर दिसलं की उतरून गोळी घालायची, या प्रकाराला इथले जुने शिकारीही नाक मुरडतात. आयडाहोने तर काही विभागांत शिकारीसाठी मोटार वापरण्यावर वेगळाच निर्बंध घातला आहे: मोठी गाडी चालू शकेल अशा प्रस्थापित, खुल्या रस्त्यापुरतंच तिचं काम.

दुसरं कारण चिखल. आपल्याकडे पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून ट्रक गेला की काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. शरदातल्या पहिल्या पावसात इथेही तेच. चाकोऱ्या पडतात, त्यांतून पाणी वाहतं, माती ओढ्यात जाते आणि सामन-ट्राउट माशांच्या अंड्यांवर गाळ बसतो. म्हणून काही फाटकं शिकारीसाठी लागतात, ती हिवाळाभर तशीच राहतात. यॅकिमा-किटिटासच्या बाजूला एल्कच्या हिवाळी चराईचे काही भाग तर १ मे पर्यंत उघडत नाहीत.

भडक नारिंगी

गाडी बाहेर लावून पायी आत निघालात, तर कपड्यांचा विचार करा. रायफलच्या मोसमात हरीण-एल्कच्या शिकाऱ्याला वॉशिंग्टनमध्ये कंबरेच्या वर किमान ४०० चौरस इंच भडक नारिंगी घालणं सक्तीचं आहे. २०१९ पासून भडक गुलाबीही चालतो. कोलोरॅडोत हीच मर्यादा ५०० चौरस इंच आणि डोक्यावर टोपीही. आपल्यासारख्या फिरायला आलेल्यांवर वॉशिंग्टनमध्ये सक्ती नाही. पण २००८ च्या ऑगस्टमध्ये स्कॅजिट काउंटीतल्या सॉक माउंटनच्या पायवाटेवर एका हायकरला गोळी लागली आणि ती जागीच गेली. धुकं होतं. गोळी झाडणारा चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याला ते अस्वल वाटलं होतं. ती वाट एरवी सहलीच्या माणसांनी गजबजलेली असते.

असे अपघात विरळा आहेत, हे खरं. पण पाचदहा डॉलरची एक नारिंगी बनियन-जाकीट आणि टोपी प्रत्येकाच्या अंगावर असली तर बिघडलं काय? रंगाच्या बाबतीत आपल्या घरात तरी भगव्याचं कुणाला वावडं नसावं! तपकिरी, करडे कपडे टाळा. पांढरी टोपी आणि पांढरा रुमालही नको, हरणाच्या शेपटीसारखा दिसतो. कुत्रा बरोबर असेल तर त्यालाही नारिंगी पट्टा. मोठ्या जनावरांची शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत चालते आणि पहाट-संध्याकाळ हीच गर्दीची वेळ. तेव्हा दहा ते तीनच्या दरम्यान फिरा. आणि बोलत चला. आपल्या ग्रुपला हे शेवटचं वेगळं सांगायची गरज नाही, हे आम्ही जाणतो.

शिकाऱ्यांशी कसं वागायचं?

पत्रलेखिकेच्या सासूबाईंनी म्हणे गाडीत विचारलं, "हे लोक हरणं मारतात आणि सरकार बघत बसतं?" आमच्यातल्या शाकाहारी मंडळींच्याही मनात हे येतंच. त्यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. १९३७ सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीवांच्या कामाला जातो. ज्या रानात आपण लार्च बघायला जातो, त्याच्या जतनात या पैशाचाही वाटा आहे. दुसरी गोष्ट, कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं हा वॉशिंग्टनमध्ये गुन्हा आहे. हरीण दिसलं म्हणून 'पळ रे बाबा' करत हॉर्न वाजवलात, तर पुण्य पदरी पडेल, पण पावतीही.

आमचा अनुभव असा, की शिकाऱ्यांच्या तळावर थांबून नमस्कार-चमत्कार केला तर माणसं बहुधा फार मोकळी असतात. तीन-तीन पिढ्या एका तंबूत. आजोबा, नातू, शेगडीवर कॉफी. कोणतं फाटक बंद झालं, वर बर्फ किती, पलीकडच्या कड्यावर कोण बसलं आहे, ही ताजी माहिती त्यांच्याइतकी कुणाकडेच नसते. आपण कुठल्या वाटेने जाणार ते त्यांना सांगा. त्यात आपलंही भलं आणि त्यांचंही.

निघण्यापूर्वी

आता थोडक्यात. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या पुस्तिकेत त्या आठवड्यात, त्या विभागात कोणता मोसम आहे ते बघा. जायचं त्या भागाच्या रेंजर स्टेशनला शुक्रवारी दुपारपूर्वी फोन करा आणि रस्त्याचा क्रमांक सांगून विचारा: खुला आहे का, कोणत्या गाडीला, कोणत्या तारखेपर्यंत. नकाशा कागदावर छापून घ्या. फोनमधला रस्तादर्शक प्रत्येक रेघेला रस्ता समजतो, फाटक त्याला दिसत नाही. घरी राहणाऱ्या कुणाला तरी मार्ग आणि परतायची वेळ लिहून द्या. गाडीत ब्लँकेट, पाणी, विजेरी, औषधं आणि एका वेळचं जास्तीचं जेवण ठेवा. टाकी पाऊण तरी भरलेली हवी. आणि अडकलातच, तर गाडी सोडू नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

एवढं सगळं नको वाटत असेल, तर सरळ नॅशनल पार्क गाठा. माउंट रेनियर आणि ऑलिंपिक नॅशनल पार्कात शिकारीला बंदी आहे. नॉर्थ कॅस्केड्स नॅशनल पार्कातही आहे, पण त्याला लागून असलेल्या रॉस लेक आणि लेक शेलॅन या भागांत मात्र शिकार चालते. तिथे जाताना नकाशावरची हद्द तेवढी पाहून घ्या. उंचावरचे घाटरस्ते बर्फ पडलं की बंद होतात, त्याचीही चौकशी आधी करावी.

आमच्या वाचक भगिनींनी पावतीचे पैसे भरून टाकले आहेत आणि यंदा सासू-सासरे पुन्हा येणार आहेत. या वेळी त्यांनी रस्त्याचा क्रमांक आम्हांला आधीच कळवला. तो रस्ता ब्लूएटच्या बाजूचा, पाटी आडवी, आणि रेंजर स्टेशनच्या बाईंनी फोनवर खुला असल्याचं सांगितलं आहे. पाच नारिंगी टोप्या आणून ठेवल्यात म्हणे. लार्च मात्र कुणाच्या फोनची वाट बघत नाहीत, तेव्हा लवकर निघा.

पुढच्या अंकात बर्फातल्या साखळ्यांविषयी. तोवर तुमची पत्रं येऊ द्यात.